बुर्जी

पनवेल, ५ जून २०२५

प्रांजल,

आशीर्वाद लिहावा की नाही यात माझी दहा मिनिटं गेली, तेव्हा तो राहू दे.

तुझं पाकीट परवा मिळालं. आत एक टाइप केलेला कागद, खाली माझ्या सहीसाठी सोडलेली जागा, आणि वर चिकटवलेली पिवळी चिठ्ठी: ‘सर, ३० जूनच्या आत पाहिजे.’ सात वर्षांनंतर एवढंच. कागदावर तूच माझ्या वतीनं लिहून ठेवलं आहेस की २०१८च्या जिल्हा निवड स्पर्धेत मी तुझ्याविरुद्ध केलेली तक्रार खोटी होती आणि ती मी मागे घेतो. छान. आता विद्यार्थी मास्तरांना श्रुतलेखन घालतात.

बाकीचं मला बुद्धिबळ संघटनेच्या कार्यवाहांकडून कळलं. उलव्याच्या एका शाळेनं तुला बुद्धिबळ शिकवायला निवडलं आहे, पण संघटनेच्या दप्तरात तुझ्या नावापुढे ‘संगणकाची मदत घेतली’ अशी नोंद आहे, आणि ती पुसली गेल्याशिवाय शाळा नेमणूक देणार नाही. सध्या तू जासईच्या एका कंटेनर यार्डात गेटवर बसून गाड्यांचे नंबर उतरवतेस, हेही त्यांच्याकडूनच कळलं. तुझ्याकडून काही कळण्याची अपेक्षा मी कधीच सोडली.

तर माझं उत्तर असं की मी सही करणार नाही. चिडून लिहितोय असं समजू नकोस. चिडलो आहे, पण उत्तर त्यामुळे दिलेलं नाही.

तू विसरली असशील तर आठवण करून देतो. शेवटची फेरी. समोर अपूर्व, कार्यवाहांचा मुलगा आणि माझाच विद्यार्थी. जिंकेल तो राज्य स्पर्धेला जाणार. शेवटी तुझ्याकडे राजा आणि दोन घोडे उरले, त्याच्याकडे राजा आणि एक प्यादं. नुसत्या राजावर दोन घोड्यांनी मात लादता येत नाही, हे वर्गातल्या सर्वांत लहान पोरालाही पाठ होतं. समोर एखादं प्यादं शिल्लक असेल तर मात्र ती होऊ शकते. पण ते प्यादं एका घोड्यानं अडवून ठेवायचं, दुसऱ्या घोड्यानं आणि राजानं मिळून समोरच्या राजाला कोपऱ्यात रेटायचं, आणि नेमक्या वेळी प्यादं मोकळं सोडायचं, म्हणजे समोरच्याला एक चाल उरते आणि कोंडी होऊन डाव बरोबरीत सुटत नाही. हा शेवट भल्याभल्यांच्या हातून निसटतो. पंधरा वर्षांच्या मुलीनं तो एक्केचाळीस चालींत जिंकला. मी तो माझ्या वर्गात कधीही शिकवलेला नव्हता. तुझ्या एकोणतीस चाली संगणकाशी जुळल्या. मधे तू दोनदा उठून बाहेर गेलीस. यावरून मुख्य पंच म्हणून मी काय समजायचं, तूच सांग.

तुला गंमत वाटेल म्हणून सांगतो, सध्या मी यंत्रांचेच पेपर तपासतो. माझा जुना विद्यार्थी शैलेश खारघरला, बेलपाड्याजवळ, मित्रांबरोबर फोनवर चालणारं बुद्धिबळाचं इंजिन तयार करतोय. ते डावाचा शेवट कितपत बरा खेळतं, हे जोखायला त्यानं मला नेमलं आहे. तेव्हा यंत्राची चाल कोणती आणि माणसाची कोणती, हे मला कोणी शिकवू नये.

तुझ्या काकूनं, कुमुदनं, तुझा कागद वाचला. वाचून चष्मा काढून ठेवला आणि आत निघून गेली. तिचं मत मी विचारलं नाही.

कागद सोबत परत पाठवतो आहे.

सुभाष सर


पनवेल, १२ जून २०२५

प्रांजल,

उत्तर नाही. नसू दे.

शैलेशच्या कामाबद्दल लिहितो. तुला रस नसेल तर दुसरं पान वाच.

त्यानं मला साठ स्थिती दिल्या आहेत. प्रत्येक स्थितीतून यंत्र शेवटपर्यंत खेळतं आणि मी दहापैकी मार्क देतो, बाजूला शेरा लिहितो. मोठ्या यंत्रांकडे तक्ते असतात. पटावर सात मोहरी उरली की त्यांनी विचार करायचा नाही, तक्त्यातलं उत्तर उतरवायचं. त्या पाठांतराला मी मार्क देत नाही. शैलेशच्या यंत्राला साध्या फोनमध्ये मावायचं आहे, त्यामुळे त्याच्याकडे तक्ता नाही. त्याला खेळावं लागतं आणि तिथे त्याची अब्रू जाते.

हत्ती-प्याद्यांचे शेवट बरे खेळतं, आठ मार्क. उंटांचे सहा. पण सगळ्या वाटा बुजलेल्या स्थितीत स्वतःला तीन प्याद्यांनी वरचढ समजतं आणि राजा इकडून तिकडे, तिकडून इकडे असा पन्नास चाली फिरवत राहतं. आमच्या शाळेत तपासणीच्या दिवशी एक मास्तर व्हरांड्यात असेच फिरायचे. कुठल्याही वाटेनं जिंकता येत असेल तर हमखास सर्वांत वेडीवाकडी वाट धरतं. परवा तर एक घोडा उगाच देऊन टाकला, कारण देऊनही जिंकणारच होतं. शैलेश म्हणाला, सर, जिंकलं ना शेवटी. मी गणिताचा मास्तर. उत्तर बरोबर पण रीत नाही, अर्धे मार्क. यावर आमचं फोनवर वाजलं.

आता तुझ्याबद्दल.

तुझी आणि अपूर्वची ती स्थिती मी एकसष्टावी म्हणून घातली. तुला पुराव्यानिशी दाखवून द्यावं एवढाच हेतू होता. शैलेशनं जुनी इंजिनं जपून ठेवली आहेत. त्याच्याकडून २०१८ साली फोनवर चालणारं एक मागून घेतलं आणि तुझ्या बाजूनं खेळायला बसवलं.

तिसऱ्या चालीला त्यानं अपूर्वचं प्यादं मारलं.

फुकट मिळालं म्हणून मारलं. उरला नुसता राजा, समोर दोन घोडे, बरोबरी. मी पुन्हा लावलं, चालीला पाच मिनिटं दिली. पाचव्या चालीला मारलं. दहा मिनिटं दिली तर मारलं नाही, पण घोडे असे काही फिरवले की साठ चालींत अपूर्वचा राजा मधल्या घरांतून हललासुद्धा नाही. शून्य मार्क दिले. शेरा लिहिला नाही.

इंटरनेटवरचा तक्ता तू पाहिला असशील, असं मी म्हणू शकतो. पण फोन बाहेर पेटीत जमा होते. ती पेटी मीच कुलूप लावून ठेवली होती, हे मला माहीत आहे, आठवण द्यायची गरज नाही.

माझ्या तक्रारीवर बसलेल्या चौकशी समितीसमोर तुला विचारलं होतं, प्यादं मारता येत होतं तेव्हा का मारलं नाहीस? तू नखं कुरतडत म्हणालीस, “शेवटचं मोहरं मारायचं नाय, सर. बुर्जी होते.” कार्यवाह म्हणाले, “भुर्जी? अंड्याची का?” आणि सगळे हसले. मीही हसलो. आम्हा कोणालाच तो शब्द माहीत नव्हता.

तुमच्याकडे त्याचा अर्थ काय आहे तो कळव. नाहीतर मी तुझ्या वडिलांना विचारतो.

सुभाष सर


पनवेल, १९ जून २०२५

प्रांजल,

मंगळवारी उरणला जाऊन आलो. तू यार्डात असशील अशी वेळ पाहून गेलो, हे लपवत नाही.

मासेमारीला बंदी आहे, त्यामुळे होड्या वर ओढून ठेवलेल्या आणि सगळी मंडळी धक्क्यावरच्या शेडमध्ये जाळी विणत बसलेली. तुझे वडील काशिराम मला पाहून उठले नाहीत. बसा म्हणाले, एक पालथी टोपली पायानं पुढे सरकवली आणि हातातली सुई चालू ठेवली. चहा विचारला नाही. कोळीवाड्यात मला चहा न विचारला गेल्याची ही पहिलीच वेळ.

मी बुर्जीचा विषय काढला. ते शांतपणे सांगत गेले. आपल्या जुन्या खेळात समोरच्याचा नुसता राजा उरला की डाव बुर्जी होतो, म्हणजे अर्धा होतो. सगळी मोहरी मारून टाकणाऱ्याला जिंकला म्हणत नाहीत. म्हणून समोरचं एक तरी मोहरं जिवंत ठेवून मात करायची, आणि जमलं तर प्याद्यानं करायची. प्रांजल सहा वर्षांची असल्यापासून असंच खेळली. नव्या नियमात बुर्जी नाही हे तिला तुमच्या वर्गात कळलं, पण हाताला लागलेलं वळण कसं जाणार? दोन घोडे आणि समोर एक प्यादं हा शेवट तर त्यांनी पावसाळ्याच्या दिवसांत तिच्याशी शंभर वेळा खेळला होता. तुझा प्रत्येक घोडा कुठे उभा राहील हे ते मला पट नसताना बोटांनी हवेत दाखवत होते.

मी म्हणालो, म्हणजे ती चुकीच्या कारणानं बरोबर खेळली. ते म्हणाले, असंल.

मग त्यांनी सुई खाली ठेवली. म्हणाले, तुम्ही एवढ्या लांब हे विचारायला आलात? तुम्हाला माहीत नाही? मी म्हणालो, नाही. तेव्हा ते माझ्याकडे बघून जे बोलले ते त्यांच्याच शब्दांत लिहितो, कारण ते शब्द तीन दिवस माझ्या कानातून जात नाहीत.

“सर, आमाला बुर्जी पोस्टमास्तरांनी शिकवली. तुमच्या बानी. ह्याच धक्क्यावर. तुमी तवा तितं उबे होते. माज्या पोरीनं चोरी केली आसंल तं ती तुमच्याच घरातली हाय.”

शेडमधले सगळे ऐकत होते. मी उठलो आणि मिळाली त्या रिक्षात बसून निघून आलो.

आज यापुढे लिहिता येत नाही.

सुभाष


पनवेल, २४ जून २०२५

प्रांजल,

तर ऐक. आता लपवण्यासारखं काही राहिलं नाही. तुझ्या वडिलांनी राहू दिलं नाही.

१९७९ ते ८४ माझे वडील उरणला पोस्टमास्तर होते. मी पनवेलला कॉलेजात होतो आणि शनिवार-रविवारी घरी जायचो. वडील घरी नसायचे. ऑफिस सुटलं की पट काखेत मारून धक्क्यावर जायचे आणि तिथल्या खलाशांशी जुन्या पद्धतीचं बुद्धिबळ खेळायचे. मी तेव्हा पुस्तकं आणून नवे नियम शिकत होतो. मला त्यांची लाज वाटायची. पोस्टमास्तर, आणि टोपलीवर बसून कोळ्यांशी डाव मांडतो. एकदा मी त्यांच्याशी खेळायला बसलो आणि घोडा घालवला. सगळ्यांच्या देखत ते म्हणाले, “तुला घोडा कळत नाही रे. तो आमच्या काशिरामला कळतो.” काशिराम अठराचे होते, मी एकोणीसचा. त्यानंतर मी वडिलांशी कधी खेळलो नाही. ते अठ्ठ्याण्णव साली गेले, तोवर नाही.

तुझ्या वडिलांनी तुला माझ्या वर्गात घातलं ते याच नात्यानं. पहिल्या दिवशी ते म्हणाले होते, पोस्टमास्तरांच्या घरचं शिक्षण पोस्टमास्तरांच्या घरी आणलंय. मी म्हणालो, इथे आता तसलं गावठी चालत नाही. वर्गात तू एकदा ‘बुर्जी’ म्हणालीस तेव्हा मी तुला तासभर उभं केलं होतं. ते तुझ्या लक्षात असेलच.

समितीत कार्यवाहांनी मला सरळ विचारलं होतं, सर, हा शेवट तुम्ही हिला शिकवलात का? हो म्हटलं असतं तर तक्रार तिथेच संपली असती. खोटं ठरलं असतं, पण तुझं भलं करणारं. खरं उत्तर द्यायचं तर माझ्या वडिलांचं आणि धक्क्याचं नाव घ्यावं लागलं असतं. मी दोन्ही केलं नाही. त्याआधी एका पाहुण्या पंचानं तुला विचारलं होतं, कोणी शिकवलं? तू झटकन म्हणालीस, “बाबांनी.” चार वर्षं तू माझ्या वर्गात येत होतीस. माझं नाव तुझ्या तोंडात आलं नाही. त्या क्षणी मला जे वाटलं ते अपूर्वसाठी नव्हतं, कार्यवाहांसाठीही नव्हतं. पुन्हा तेच ऐकू आलं, तुला घोडा कळत नाही. मग समितीनं मला विचारलं, हा बुर्जी शब्द काय आहे? मी म्हणालो, बुद्धिबळात असा शब्द नाही.

एकोणतीस चालींचं गणितही सांगून टाकतो. ज्या चालीनं जिंकणं टिकतं ती प्रत्येक चाल मी जुळली म्हणून धरली. अशा शेवटात कित्येकदा पाच-सहा चालींनी ते टिकतं. तक्त्यातली सर्वांत चांगली चालच धरली तर तुझ्या एक्केचाळीसपैकी अकरा जुळतात. इतकंच नाही, सव्विसाव्या चालीला तू जिंकलेला डाव हातचा सोडला होतास आणि अपूर्वनं तो पुढच्याच चालीला तुला परत दिला. तक्ता बघून खेळणारा असा चुकत नाही. हे मला त्याच आठवड्यात दिसलं होतं. गणित शिकवण्यात माझा जन्म गेला, आकडे कसे मांडले की काय दिसतं हे मला कळतं.

आणि तू दोनदा बाहेर गेलीस तेव्हा मुलींच्या देखरेखीला असलेली कुमुद दोन्ही वेळेला तुझ्याबरोबर होती. अहवालात मी ते घेतलं नाही. तिनं तेव्हा विचारलं होतं, माझी सही नको का? मी म्हणालो, गरज नाही. गेली सात वर्षं आमच्या घरी या विषयावर कोणी बोललेलं नाही.

तुझ्या जागी अपूर्व राज्य स्पर्धेला गेला, सगळे डाव हरला आणि त्याच वर्षी खेळ सोडला. हेही तुला माहीत असावं.

नवा कागद टाइप करून सोबत सही करून पाठवतो आहे. मजकूर कार्यवाहांशी बोलून ठरवला. ‘सदर तक्रार गैरसमजातून झाली होती, ती मागे घेत आहे.’ तुझं काम होईल. वर लिहिलेलं तुझ्यामाझ्यात राहू दे, एवढीच विनंती आहे.

सुभाष


पनवेल, २९ जून २०२५

प्रांजल,

काल तुझं पाकीट आलं. माझाच कागद. ‘गैरसमजातून’ या शब्दावर लाल पेनानं काट मारलेली. बाकी एक अक्षर नाही. छत्तीस वर्षं लाल पेन मी वापरलं, माझ्या कागदावर ते पहिल्यांदाच चाललं.

खरं सांगतो, सकाळपासून मी तुला मनात शिव्या देत होतो. काय हवंय हिला? नोंद पुसली जातेय, नोकरी मिळतेय. माझं वय त्रेसष्ट. पंचवीस वर्षांच्या सेवेबद्दल ऑगस्टमध्ये संघटना माझा सत्कार करणार आहे, कार्ड छापायला गेलं आहे. पनवेलला रस्त्यानं जाताना दर चौथा माणूस मला सर म्हणून हात करतो. एका शब्दासाठी हे सगळं घालवायचं? शब्द तोच ठेवून कागद मी पुन्हा पाठवणार होतो. पाकिटावर तुझं नाव घालून झालं होतं.

कुमुद समोर भाजी निवडत होती. म्हणाली, “तुम्ही नाही लिहिलंत तर मी लिहिते. दोन्ही वेळेला मी तिच्याबरोबर होते. ती मुलगी आत रडत होती आणि म्हणत होती, मी जिंकतेय काकू, सरांना किती आनंद होईल.”

सात वर्षं तिनं हे पोटात ठेवलं. मी का सांगितलं नाहीस असं विचारणार होतो, पण मला कोणी सांगण्यासारखं मी ठेवलंच कुठे होतं?

उद्या तीस तारीख. पोस्टानं पोचणार नाही, म्हणून मी स्वतः आधी संघटनेत आणि मग शाळेत जाईन. हाच मजकूर दोन्हीकडे देणार आहे. तुला आधी वाचता यावा म्हणून हे पत्र शैलेशच्या हाती आज संध्याकाळीच पाठवतो. तो गाडी घेऊन येतो म्हणाला. मजकूर असा:

‘२०१८च्या स्पर्धेत प्रांजल काशिराम कोळी हिने कोणत्याही यंत्राची मदत घेतली नव्हती. शेवटचे मोहरे न मारण्याचा ‘बुर्जी’ हा जुन्या देशी खेळातला नियम आहे. तो तिला तिच्या वडिलांनी शिकवला आणि तिच्या वडिलांना माझ्या वडिलांनी. समितीने विचारले तेव्हा हा शब्द मला माहीत होता. असा शब्द नाही, असे मी सांगितले. चाली जुळल्याचा आकडा मी फुगवून दिला. ती खेळ सोडून बाहेर गेली तेव्हा तिच्यासोबत माझी पत्नी होती, हे मी अहवालातून वगळले. हा गैरसमज नव्हता. मी खोटे बोललो.’

लाल पेन चालवायला जागा राहिलेली नाही असं वाटतं.

सुभाष


पनवेल, ३ जुलै २०२५

प्रांजल,

हे शेवटचं. यानंतर तुला पत्र पाठवणार नाही, कारण तू ती मागितली नव्हतीस.

संघटनेत काय झालं ते तुला माहीत नाही. कार्यवाहांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, सर, तुम्ही स्वतःच स्वतःला मात करून घेताय. मी पोच मागितली. त्यांनी पंचांच्या यादीतून माझं नाव काढत असल्याचं माझ्यासमोरच टाइप करायला घेतलं, आणि नोंद रद्द झाल्याचं पत्रही त्याच हातानं दिलं. कार्डांचं विचारायचं मी टाळलं.

उलव्याला प्राचार्य बाईंनी वाचलं तेव्हा तू बाहेर बाकावर होतीस. उद्यापासून या असं त्यांनी तुला सांगितलं आणि मला इतकंच विचारलं, तुम्ही अजून मुलांचे वर्ग घेता का? मी म्हणालो, या महिन्यापासून नाही. हे मी तिथेच ठरवलं.

व्हरांड्यात मी तुझं अभिनंदन केलं. तुझा चेहरा मी सात वर्षांनी पाहत होतो. तुझा आवाज बदलला आहे. तू म्हणालीस, “शाळेनं वाचलं, झालं. आता माज्या बाबांना वाचून दाखवा. घरात नाय, धक्क्यावर. सात वर्षं सगळी त्यांना भुर्जी बोलतात.” एवढं बोलून तू आत गेलीस. तू माफ केलं आहेस का हे विचारायचं माझ्या जिभेवर होतं. ते विचारायला मला तोंड नव्हतं.

काल सकाळी मी उरणला गेलो. तू नव्या शाळेत होतीस, म्हणून तिथे काय झालं ते लिहितो.

शेडमध्ये वीस-पंचवीस माणसं होती, बायकाही होत्या. काशिराम मागच्या खेपेच्याच जागी बसले होते. या वेळी टोपली कोणी पुढे केली नाही आणि मीही बसलो नाही. मी म्हणालो, प्रांजलनं पाठवलंय, एक कागद वाचायचा आहे. त्यांनी मान हलवली. सुया चालूच राहिल्या. पाऊस पत्र्यावर पडत होता. मी वाचायला सुरुवात केली. माझ्या वडिलांचा उल्लेख आला तेव्हा दोन म्हाताऱ्यांनी वर पाहिलं, त्यांना पोस्टमास्तर आठवत असावेत. ‘असा शब्द नाही, असे मी सांगितले’ इथपर्यंत आवाज धड होता. शेवटची तीन शब्दांची ओळ मात्र मी कागदाकडे बघून, ओठांतल्या ओठांत वाचली. वर्गात नापास पोरं स्वतःचे मार्क वाचतात तशी.

मी कागदाची घडी घालायला लागलो. काशिराम जाळ्यावरची नजर न काढता म्हणाले, “सर, परत वाचा. मागं बसल्यांना आयकू नाय गेलं.”

मी घडी उलगडली आणि पहिल्यापासून पुन्हा वाचलं, मोठ्यानं.

सुभाष